नवं पान येईपर्यंत

नव्या टँकमध्ये झाडं लावून दिली की दहा-बारा दिवसांनी त्या घरून फोन येतो. काय म्हणणार तेही ठरलेलं असतं. "ताई, झाडं गेली हो. पानं पारदर्शक झालीत, नुसता हात लावला तरी सुटून येतात." मी विचारते, "शेंड्याला काय दिसतंय?" बहुतेकांनी शेंडा पाहिलेलाच नसतो. त्यांची नजर खाली, कुजणाऱ्या पानांवर खिळलेली असते. टॉर्च लावून बघा म्हटलं की माणूस फोन बाजूला ठेवून उठतो आणि थोड्या वेळाने येऊन सांगतो, अगदी टोकाला काहीतरी बारीक, पोपटी दिसतंय. मग मी म्हणते, सुटलेली पानं काढून टाका, तिसरा हिस्सा पाणी बदला आणि आठ दिवस बाकी कशाला हात लावू नका. सगळा खटाटोप त्या पोपटी टोकासाठीच चाललेला असतो.

पुण्यात घरोघरी, दवाखान्यांत आणि ऑफिसांत टँक लावून देणं आणि ते सांभाळणं हा माझा व्यवसाय. त्याआधी मी वनस्पतिशास्त्र शिकले. मूळ, खोड, पेर, पान हे सगळं काचेतून इतक्या जवळून रोज बघायला मिळेल, असं शिकताना मनातही आलं नव्हतं. पहिल्यांदाच जिवंत झाडांचा टँक लावणाऱ्या माणसांबरोबर माझा सर्वांत जास्त वेळ जातो आणि तो वेळ मला फार मोलाचा वाटतो. त्यांचा टँक बहुधा दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असतो. हिशोबाने त्यात ५६-५७ लिटर पाणी मावतं. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५च्या आसपास उरतं. सुरुवातीला याहून लहान टँक घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगते. पाणी जितकं कमी, तितकी त्याची प्रकृती लवकर बिघडते.

ती पानं का गळतात, हे एकदा नीट समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. दुकानात छोट्या जाळीदार कुंडीत मिळणारं झाड बहुतेक वेळा पाण्याखाली वाढलेलंच नसतं. रोपवाटिकेत त्याची मुळं ओली आणि पानं दमट हवेत ठेवतात. तसं ते भराभर वाढतं आणि पानांवर शेवाळ चढत नाही. पण हवेत आलेल्या पानावर मेणचट थर असतो, हवा आत-बाहेर करायला पर्णरंध्रं असतात. ही सगळी तयारी पाण्याखाली कुचकामी ठरते. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या सहज पसरतो, त्याच्या जवळजवळ १०,००० पट हळू तो पाण्यात पसरतो. तिथे पान पातळ हवं, मऊ हवं, सगळ्या अंगाने वायू शोषून घेणारं हवं. म्हणून झाड जुन्या पानांतलं जे परत घेता येईल ते घेतं, पानं सोडून देतं आणि नव्या जागेला साजेशी नवी पानं काढतं. दुकानात विस्टेरिया म्हणून मिळणारं हायग्रोफिला डिफॉर्मिस बघावं. हवेतलं त्याचं पान साधं, कडेला दाते असलेलं. पाण्याखाली तेच झाड इतकी बारीक चिरलेली, पिसासारखी पानं काढतं की दोन्ही फांद्या शेजारी धरल्या तर एकाच झाडाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही.

क्रिप्टोकोरिन तर याहून धाडसी. पाणी, उजेड, जागा, काहीही बदललं की ते आठवडाभरात सगळी पानं गाळून बसतं. वर काही उरत नाही. लोक ते उपटून टाकतात आणि पैसे वाया गेले म्हणून हळहळतात. खाली मुळं पांढरी, घट्ट, जिवंत असतात. माझ्याकडे अशी उपटलेली क्रिप्टोकोरिन लोकांनी टाकायला म्हणून दिली आहेत. मी ती दुसऱ्या टँकमध्ये लावते आणि महिन्या-दीड महिन्याने त्यांचे फुटवे त्याच माणसांना नेऊन देते.

मी मूळची साताऱ्याची. त्यामुळे असं रूप बदलणारं झाड मला परकं वाटत नाही. आपल्या सह्याद्रीत पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने फिरकत नाही. इथल्या ओढ्याकाठच्या, सड्यांवरच्या कित्येक वनस्पतींना वर्षाचा काही काळ पाण्याखाली आणि उरलेला उघड्यावर काढावा लागतो. क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस आपल्या नद्यांच्या पात्रांत असंच जगते. पुरात बुडालेली, उन्हाळ्यात वाळूत उघडी पडलेली. कासच्या पठारावर पावसाळ्यात खडकांतल्या खळग्यांत पाणी साचतं आणि त्यात वायतुरा वर येतो, दोन फाट्यांचा तुरा घेऊन. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, साताऱ्याचं नाव घेऊन फिरणारं. पाणी आटलं की पानं, तुरा सगळं जातं आणि चिखलात नुसता कंद राहतो, पुढच्या पावसाची वाट बघत.

ॲपोनोजेटॉनच्याच कुळातले श्रीलंकेकडचे कंद दुकानांत विकायला असतात. टाकल्यावर महिनाभरात लांब, लहरी कडांची पानं फुटतात आणि घरातले सगळे खूश होतात. काही महिन्यांनी पानं येणं थांबतं, असलेली पिवळी पडतात. तो कंद मेलेला नसतो, त्याला विसावा हवा असतो. दाबून बघितला आणि घट्ट लागला तर ओल्या वाळूत दोनेक महिने थंड जागी ठेवावा, पुन्हा फुटतो. मात्र कासचा वायतुरा किंवा ओढ्यातली क्रिप्टोकोरिन कुणी उपटून टँकसाठी आणू नये. पठारावरच्या त्या वनस्पती मोजक्या जागी उरल्या आहेत, तिथल्या पावसाला आणि तिथल्या उन्हाळ्याला बांधलेल्या आहेत. घरातल्या बारमाही पाण्यात त्या टिकणारही नाहीत. दुकानात रोपवाटिकेतली भरपूर झाडं मिळतात.

आता माती. दुकानांत रंगीत खडी आणि पांढऱ्या संगमरवराचे तुकडे ढिगाने असतात. संगमरवर हळूहळू विरघळतो, पाणी जड करतो, आणि रंगीत खडीत मुळांना खायला काही नसतं. जपानी पद्धतीची भाजलेल्या मातीची गोळी उत्तम, पण महाग. पहिल्या टँकला मी साधी बागेची माती वापरते. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली 'इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड ॲक्वेरियम' हे पुस्तक लिहिलं. साधी माती, वर खडीचा थर, भरपूर झाडं, मोजके मासे आणि कमीत कमी यंत्रं, असा त्यांचा मार्ग. तो आपल्याकडे चांगला चालतो, फक्त माती निवडून घ्यावी लागते. घाटावरची काळी माती मी टाळते. ती पाण्यात फुगते, हात लागला की गढूळ होते, आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. कोकणातली तांबडी माती, जांभ्याचा चुरा असलेली, मला जास्त आवडते. तिच्यात लोह भरपूर असतं, बाकीची अन्नद्रव्यं बेताची. म्हणून तिच्यात थोडी जुनी, पूर्ण कुजलेली बागेची माती मिसळते. शेणखत, गांडूळखत मूठभरसुद्धा नाही. पाण्याखाली ते कुजत राहतं आणि अमोनिया सोडतं.

माती चाळायची, काड्या-मुळ्या काढायच्या, इंचभर जाडीचा थर द्यायचा, त्यावर इंच-सव्वा इंच धुतलेली जाडसर वाळू. मग त्यावर ताटली ठेवून ताटलीवर पाण्याची बारीक धार सोडायची, म्हणजे माती उठत नाही. झाडं लावताना पाणी चार बोटं असलं तरी पुरतं. पाणी वर चढवण्याआधी चिमट्याने एकेक शेंडा वाळूतून मातीत रोवायचा. अनुबियास आणि जावा फर्न मात्र मातीत रोवू नयेत. त्यांचं आडवं खोड गाडलं की सडतं. ती दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची, नाहीतर फेविक्विकचा थेंब लावून चिकटवायची. सुकल्यावर तो पाण्यात काही करत नाही.

दगड विकत घ्यायची पुणेकरांना गरजच नाही. आपला काळा दगड, सह्याद्रीचा बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही. फक्त त्यात पांढऱ्या शिरा असतील तर त्यांवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघावेत. फेस आला तर तो कॅल्साइट, तो दगड बागेत ठेवावा.

पाण्याचा प्रश्न याहून किचकट आहे, कारण एकाच सोसायटीत तीन पाणी असतात. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी मऊ, झाडांना छान, पण त्यात क्लोरीन. ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवावं किंवा क्लोरीन मारणारे थेंब टाकावेत. उन्हाळ्यात टँकर येतो, त्याचं पाणी बहुधा बोअरचं, जड. टीडीएस मीटर बुडवला की कित्येकदा ५००च्या वर जातो. तिसरं स्वयंपाकघरातलं आरओचं. लोकांना वाटतं, हे सर्वांत शुद्ध, तेव्हा हेच घालावं. नुसतं आरओचं पाणी घातलं की त्यात ना कॅल्शियम ना मॅग्नेशियम. नवी पानं वाकडी, आखडलेली येऊ लागतात. बोअरच्या जड पाण्यात निम्मं आरओचं मिसळलं तर दोन्हींचा दोष जातो. कोणतं पाणी कधी येतं, हे मी सोसायटीच्या वॉचमनलाच विचारते. त्याच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नसतं.

मासे कधी? यावरच माझा लोकांशी सर्वांत जास्त वाद होतो. दुकानात टँक, खडी, पंप आणि पिशवीत मासे एकाच दिवशी मिळतात. ती व्यवस्थाच माशांच्या जिवावर चाललेली आहे, आणि हे मी या व्यवसायात राहून, विचार करून म्हणते. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून, नव्या मातीतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँकमधला मासा विषात पोहत असतो, आणि बोअरच्या पाण्यात जास्तच, कारण पाण्याचा पीएच चढा असला की अमोनियाचा घातक भाग वाढतो. झाडं या काळात आपल्या बाजूने असतात. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. म्हणून मी पहिल्याच दिवशी भरपूर झाडं लावायला सांगते. वाळूचा तळ दिसता कामा नये. त्यातही भराभर वाढणारी, हायड्रिला, विस्टेरिया, हॉर्नवर्ट यांसारखी, निम्म्याहून जास्त. ती पुढे काढून टाकली तरी चालतं. एखाद्या जुन्या, निरोगी टँकच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मिळाला तर तो नव्या फिल्टरमध्ये विरजणासारखा लागतो, आणि आठवडे वाचतात.

एका दंतवैद्य बाईंना दवाखान्याच्या उद्घाटनाला टँक हवा होता, माशांसकट. मी म्हटलं, टँक असेल, झाडं असतील, मासे पुढच्या महिन्यात. त्यांना ते पटेना. रिकामा टँक लोक बघतील तर काय म्हणतील? मी त्यांना एवढंच विचारलं, की दाढेत कीड असताना तुम्ही वर टोपी बसवाल का? त्यांनी मला महिनाभराची मुदत दिली. उद्घाटनाला आलेल्या माणसांनी टँकमध्ये मासे आहेत का असं विचारलं खरं, पण खुर्चीत वाट बघणारी मुलं हायड्रिलाच्या तुटलेल्या देठातून सुटणारी बुडबुड्यांची माळ बघत राहिली. तो प्राणवायू आहे, झाड आत्ता अन्न तयार करतंय, असं सांगितल्यावर एका मुलीने दिवा बंद करून बघूया का, असं विचारलं. आम्ही बंद केला. थोड्या वेळाने माळ विरळ होत थांबली. महिन्याने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले तेव्हा आम्ही छोटे झेब्रा डॅनिओ सोडले. ते तिथे आहेत.

उजेडाबाबत लोक उदार असतात. झाडं आहेत म्हणजे दिवसभर उजेड हवा, खिडकीजवळ ठेवलं तर आणखी बरं, असा समज. नव्या झाडाची मुळं बसलेली नसतात, पाण्यात नैसर्गिक कार्बन डायऑक्साइड लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. एवढ्या शिदोरीवर त्याला बारा तासांचा उजेड वापरता येत नाही. तो शेवाळ वापरतं. म्हणून टायमर लावून सुरुवातीला सहा तास, पुढे वाढ बघून आठ. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर, पानांवर तपकिरी पूड बसते. ती डायटमची. तिला घाबरून औषध टाकणारे असतात. बोटाने पुसावी, पाणी बदलावं. झाडं लागली की बहुधा ती आपोआप ओसरते.

काही जण मोबाइलवर जपानी टँकचे फोटो दाखवतात, हिरवी कुरणं, लाल झुडपं, मध्ये दगडांचे डोंगर. ही वाट निगाताच्या ताकाशी अमानो यांनी घालून दिली. २०१५ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी, लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांचा ४० मीटर लांबीचा, १,६०,००० लिटरचा पाणवनस्पतींचा टँक उघडला. मला त्यांचं काम फार प्रिय आहे. पण त्या फोटोंतल्या पाण्यात सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम, आणि दर आठवड्याला कात्री चालते. पहिल्या टँकला हे नको. त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी दाट लावणी करायची सवय घ्यावी, बाकीचं सावकाश.

खतांबद्दल मला सर्वांत जास्त शिकवलं ते तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी. मुलाच्या फ्लॅटवर ते दोन महिने राहायला आले होते आणि मुलाने मला टँक लावायला बोलावलं होतं. मी झाडं लावत असताना काका खुर्ची ओढून शेजारी बसले. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्याआधी सांगितलं, "ह्याला पालाश कमी पडतंय." जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली होती. पोटॅशियम कमी पडल्याचीच ती खूण. बागेत पान वाचणाऱ्या माणसाला पाण्यातलं पान वाचायला वेळ लागत नाही. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातून ते काढून शेंड्याकडे पाठवतं, म्हणून खालची पानं पिवळी होतात. लोह एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून कमतरता नव्या पानात दिसते. शिरा हिरव्या, मधला भाग फिकट. कोणतं पान पिवळं आहे हे सांगा, मग काय कमी आहे ते मी सांगते, असं मी आता फोनवर सहज म्हणते. ते वाक्य काकांचं आहे.

त्यांनीच मला कृषी सेवा केंद्राचा रस्ता दाखवला. दुकानातल्या छोट्या बाटलीत जे असतं त्यातलं बरंचसं तिथल्या विद्राव्य खतांच्या पुड्यांत असतं. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. प्रमाण मात्र बागेचं नाही. ४५ लिटर पाण्यात १३:००:४५चा अर्धा ग्रॅम टाकला तरी नायट्रेट लिटरमागे ७ मिलिग्रॅमच्या जवळपास वाढतं. मातीच्या टँकला पहिले काही महिने खत लागतच नाही, आणि पुढेही आठवड्याला याहून कमी पुरतं. छोटा वजनकाटा नसेल तर या वाटेला जाऊ नये. १९:१९:१९ ची पुडी तर माशांच्या टँकमध्ये अजिबात नको, त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र असतं. लोहाचंही बागायतदारांना बरोबर ठाऊक असतं. चुनखडीच्या जमिनीत साधं लोह दिलं तर ते बसून जातं, वेल पिवळीच राहते. बोअरच्या जड पाण्याच्या टँकमध्ये हेच होतं. लोहाला विरघळलेलं धरून ठेवणाऱ्या चिलेटांपैकी ईडीटीए तिथे लवकर सुटतं, डीटीपीए जास्त टिकतं. ईडीडीएचए सर्वांत चिवट, पण पाणी लालसर करतं. पाहुणे आले की "पाण्याला काय झालं?" असं विचारतात, म्हणून घरांत मी डीटीपीएवर थांबते.

एप्रिल-मे हे आमच्या कामातले खरे परीक्षेचे महिने. फ्लॅट दिवसभर बंद, पश्चिमेची भिंत तापलेली, पाणी ३२ अंशांना टेकतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि झाडांचा श्वास मात्र वाढतो. क्रिप्टोकोरिन पुन्हा पानं गाळते, मॉस तपकिरी पडतं. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. मग रोज पाणी आटतं, त्याची भर आरओच्या पाण्याने करावी, कारण आटताना क्षार मागे राहतात. उजेडाचे तास कमी करावेत, सकाळी लवकर किंवा रात्री ठेवावेत. खत बंद. मे महिन्यात नवा टँक लावा असं कुणी म्हणालं तर मी जूनपर्यंत थांबायला सांगते. काम हातचं जातं कधीकधी, जाऊ दे.

झाडांबरोबर गोगलगायी येतात. त्यांची अंडी पानाखाली पारदर्शक ठिपक्यांत चिकटलेली असतात. नवी झाडं मी आधी तुरटीच्या पाण्यात काही तास बुडवून ठेवते, मग स्वच्छ धुते. त्यातूनही एखादी निसटतेच. घरातल्यांना किळस येते, पण ती सडलेली पानं खाते आणि झाडाला हात लावत नाही. त्या फार वाढल्या तर एवढंच समजावं की माशांना खाणं जास्त पडतंय. प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेली झाडं आता बंद डब्यांत मिळतात. त्यांवर गोगलगाय, शेवाळ काहीच नसतं. जेली मात्र कोमट पाण्यात पूर्ण धुऊन काढावी, नाहीतर तिथेच बुरशी धरते.

आणखी एका गोष्टीसाठी मी अडून बसते. टँक बंद करायचा झाला की लोक सगळं नदीत सोडून येतात, पुण्य म्हणून. मुळा-मुठेवरची जलपर्णी रोज डोळ्यांसमोर असते. तीही दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून जगभर गेली. उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात सकर मासा येतो, तोही टँकमधलाच परदेशी. म्हणून माझ्याकडे टँक असलेल्या प्रत्येक घरी नियम ठरलेला आहे: छाटलेलं एक पानसुद्धा ड्रेनेजमध्ये किंवा नदीत नाही. उन्हात कडकडीत वाळवून कुंडीत टाकावं. मासे नको झाले तर मला फोन करावा.

छाटलेल्या शेंड्यांपैकी चांगले मी ठेवून घेते. ते पाण्याखाली वाढलेले असतात, त्यांना पानं बदलायची नसतात. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले की दिवसभर टवटवीत राहतात. खालच्या दोन पेरांची पानं काढून मातीत रोवले की आठवड्यात मुळं धरतात. आता नव्या गिऱ्हाईकाचा टँक लावायचा झाला की मी दुकानातून निम्मीच झाडं घेते, निम्मी जुन्या टँकांतली. दंतवैद्य बाईंची हायड्रिला कोथरूडच्या दोन घरांत आहे. काकांनी जाताना विस्टेरियाचे शेंडे गावी नेले, शेतातल्या पाण्याच्या हौदात लावायला. मागच्या पावसाळ्यात त्यांनी फोटो पाठवला: हौदात खाली पिसासारखी पानं, पाण्याबाहेर आलेल्या फांदीवर साधी, दातेरी. खाली लिहिलं होतं, "दोन्ही आली. पुढच्या खेपेला कात्री घेऊन या."